ज्यांना वेळ नव्हता, त्यांच्या मताचं काय झालं?



आज माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाबद्दल लिहिते आहे. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं, कारण या प्रकरणाचा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. एका साध्या चिडचिडीतून तो हाती आला.

गेल्या पावसाळ्यात मी एका स्वयंसेवी गटात काम करत होते. जुनी मराठी नियतकालिकं स्कॅन करायची, फाइलींना नीट नावं द्यायची आणि सगळ्यांना वाचायला उपलब्ध करायची, असं ते काम. चाळीसेक जण, सगळे नोकरी-अभ्यास-घर सांभाळून करणारे. एका गुरुवारी मी दिवसभर अभिलेखागारात होते. तिथे मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेपाचला बाहेर येऊन फोन उघडला, तर गटात दीडशेच्या वर मेसेज. सकाळी अकराला कुणीतरी विचारलं होतं, "फाइलींना नावं देण्याची पद्धत बदलूया का?" दुपारी चारला निर्णय झालासुद्धा. शेवटचा मेसेज होता, "कुणाचाच विरोध नाही, तेव्हा फायनल." जुन्या पद्धतीने मी दीड वर्षात सहाशेहून जास्त फाइलींना नावं दिली होती.

मॅडमना (म्हणजे माझ्या गाईडना) मी हे तावातावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा राग बाजूला ठेव. मला सांग, एकमेकांना न भेटता काम करणाऱ्या अशा गटांनी गैरहजर माणसाबद्दल नियम कधी केले? कुणी केले? आणि कशामुळे करावे लागले?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधता शोधता एक प्रकरण उभं राहिलं.

प्रश्न आधी लहान करायचा

"ऑनलाइन समुदायातील सहभाग" हा विषय इतका मोठा आहे की त्यात आयुष्य जाईल. म्हणून मी तीन अटी घातल्या. गट स्वयंसेवकांचा हवा, म्हणजे कामावर येणं बंधनकारक नसणारा. निर्णयाचे नियम लेखी हवेत. आणि चर्चेची जुनी कागदपत्रं आजही वाचायला मिळायला हवीत. या चाळणीतून तीन गट उरले: इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ, अपाची वेब सर्व्हर बनवणारा गट, आणि डेबियन ही संगणक प्रणाली बनवणारा प्रकल्प.

आता तुम्ही म्हणाल, हा तर कॉम्प्युटरवाल्यांचा विषय, इतिहासाच्या विद्यार्थिनीचं इथे काय काम? पण बघा, ठराव, दुरुस्त्या, मतदान, नियमावली, राजीनामे ही सगळी आपलीच साधनं आहेत. फरक एवढाच की ती दफ्तरात बांधलेली नसून ईमेलमध्ये आहेत.

खोलीत कोण होतं?

आयईटीएफची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला झाली. हजर होते २१ जण, आणि सगळे अमेरिकी सरकारच्या पैशावर संशोधन करणारे. एवढ्या लोकांत गैरहजेरीचा प्रश्नच येत नाही. एखादा आला नाही तर फोन करून विचारता येतं.

पुढे इंटरनेट पसरलं आणि कामात देशोदेशीचे लोक आले. बैठका मात्र वर्षातून तीनदा, कुठल्या तरी एका शहरात. विमानाचं तिकीट, हॉटेल, आठवडाभराची रजा हे ज्याला परवडतं तो खोलीत बसणार. ज्याची कंपनी किंवा विद्यापीठ पैसे देणार नाही, तो घरी. म्हणजे तांत्रिक निर्णयात कोणाचं वजन पडणार हे प्रवासखर्चावर ठरू लागण्याचा धोका होता.

सप्टेंबर १९९८ च्या आरएफसी २४१८ या दस्तऐवजात यावरचा नियम लेखी सापडतो. ईमेल यादीवर चर्चा न झालेल्या विषयाबद्दल, किंवा यादीवरच्या आधीच्या सहमतीहून बराच वेगळा, असा निर्णय बैठकीत झाला तर तो ईमेल यादीवर पुन्हा तपासला गेलाच पाहिजे. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून काम संपत नाही. त्याआधी १९९६ च्या आरएफसी २०२६ ने शेवटच्या हरकतींसाठी मुदत ठरवून दिली होती. एखाद्या कार्यगटाकडून आलेल्या मसुद्याला किमान दोन आठवडे. आणि कार्यगटाबाहेरून, म्हणजे एखाद्या व्यक्तीकडून थेट आलेल्या मसुद्याला किमान चार आठवडे.

या दोन आणि चारमधला फरक मी पहिल्या वाचनात सोडूनच दिला होता. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. कार्यगटातून आलेला मसुदा बऱ्याच लोकांनी आधीच पाहिलेला असतो. थेट आलेला मसुदा बहुतेकांना नवा असतो. म्हणजे विषय जितका अनोळखी, तितकी मुदत जास्त. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त घड्याळ नव्हतं, समजून घ्यायला लागणारा वेळही होता. टीप: नियमावलीत दोन वेगवेगळे आकडे दिसले की थांबा आणि विचारा, हे वेगळे का?

मौनं संमतिलक्षणम्, पण किती तासांनी?

फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांनी मिळून एका वेब सर्व्हरच्या दुरुस्त्या एकत्र करायला सुरुवात केली. तोच अपाची. त्यांच्यातला एक रॉय फील्डिंग. हा त्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथे आपल्यासारखाच पीएच.डी. करत होता (पदवी मिळाली २००० साली, तेव्हा धीर सोडू नका). या आठही जणांची पोटापाण्याची कामं वेगळी होती. सगळे एकाच वेळी कधीच मोकळे नसत, एका देशातही नव्हते.

त्यांनी काढलेली युक्ती सोपी होती. प्रस्ताव ईमेलवर टाकायचा. ज्याला मान्य तो अधिक एक लिहिणार, ज्याला अमान्य तो उणे एक. संहितेतल्या बदलाला किमान तीन अधिक एक हवेत आणि एकही उणे एक नको. उणे एक लिहिणाऱ्याने कारण द्यायलाच हवं, नुसता नकार चालणार नाही. बाकीचे गप्प राहिले तर ती संमती धरायची.

म्हणजे आठांपैकी तिघे जागे असले की काम पुढे जाणार. उरलेल्यांसाठी कुणी अडून बसणार नाही. पण उरलेल्यांपैकी एकाने जरी सकारण हरकत घेतली तरी बदल थांबणार. गैरहजर माणसाला रोज हजर राहण्याची सक्ती नाही, आणि त्याच्या शब्दाला हजर माणसाइतकीच किंमत. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नियमांत पुढे हेही नोंदलं गेलं की मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवावं, म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला मत देता यावं.

७२ तास हा आकडा मला फार बोलका वाटतो. पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ, फार तर साडेनऊ. २४ तासांत पृथ्वीवरच्या प्रत्येकाची एक रात्र होऊन जाते. मग तीन दिवस कशाला? कारण माणसाला झोपेशिवाय इतर कामंही असतात. कुणाची डबल ड्युटी, कुणाचं मूल आजारी. २४ तास हे घड्याळाच्या फरकासाठी पुरतात, ७२ तासांत थोडाफार संसारही बसतो. (हा अर्थ माझा आहे. नियमात फक्त भौगोलिक कारण दिलेलं आहे. आपला अर्थ आणि दस्तऐवजातला मजकूर असे वेगळे दाखवायची सवय आत्तापासून लावून घ्या, व्हायवाला कामी येते.)

पण इथे एक सावधगिरी. अपाचीची ही पद्धत चालली याचं एक कारण असं की संहितेतला बदल परत फिरवता येतो. प्रत्येक जुनी आवृत्ती साठवलेली असते. चौथ्या दिवशी कुणी आलं आणि चूक दाखवली, तर बदल मागे घेणं शक्य असतं. गप्प बसणं म्हणजे संमती हे तत्त्व तिथे स्वस्तात परवडतं. जिथे निर्णय फिरवता येत नाही, तिथे तेच तत्त्व फार महाग पडतं. माझ्या सहाशे फाइली आठवा.

दुसरी सावधगिरी आकड्यांची. मॉकस, फील्डिंग आणि हर्ब्सलेब यांचा २००२ चा अपाचीवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात असं दिसतं की सुमारे ४०० जणांनी संहितेत हातभार लावला, पण ८३ टक्क्यांहून जास्त बदल फक्त १५ जणांचे होते. उलट, चुका कळवणारे लोक ३,०६० होते आणि त्यांनी ३,९७५ चुका कळवल्या. म्हणजे सरासरी माणशी एक-सव्वा तक्रार. आता सांगा, या तीन हजार लोकांना 'निष्क्रिय' म्हणायचं का? ते एकदाच आले, एक चूक दाखवली आणि आपल्या कामाला गेले. पण त्यांच्याशिवाय त्या चुका सापडल्या नसत्या. नियम मात्र १५ जणांच्या बाजूच्या गटासाठी होते. मतदानाचा बंधनकारक हक्क गटाच्या सदस्यांनाच होता. तेव्हा "अपाचीने गैरहजरांना सामावून घेतलं" असं वाक्य लिहिण्याआधी कोणत्या गैरहजरांना, हे विचारावं लागतं.

डेबियन: काम न करण्याचा हक्क

डेबियनची घोषणा ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी केली. पाच वर्षांत प्रकल्प इतका वाढला की तोंडी समजुतीवर भागेना. डिसेंबर १९९८ मध्ये सदस्यांनी चक्क एक राज्यघटना मंजूर केली. तिचा मसुदा करण्यात त्या वेळचे प्रकल्पप्रमुख इयन जॅक्सन यांचा मोठा वाटा होता.

या घटनेच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कुणावरही नाही, सोपवलेलं काम नको असेल तर ते करू नये. मी हे वाचून थोडी हसले. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या नियमावलीत हे वाक्य शोधून दाखवा! पण याचा परिणाम मोठा आहे. एकदा हे मान्य केलं की गैरहजेरी हा दोष उरत नाही. मग "तो चर्चेला आला नाही, त्याचं काय ऐकायचं" असं म्हणता येत नाही. नियमच असे करावे लागतात की न आलेला माणूस गृहीत धरला जाईल.

मग त्यांनी केलं काय? सर्वसाधारण ठरावावर किमान दोन आठवडे चर्चा. त्यानंतर दोन आठवडे मतदान, ईमेलने, डिजिटल सही करून. प्रकल्पप्रमुखाला या मुदती एका आठवड्याने कमी-जास्त करता येत.

आणि कोरम. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेची नोटीस तुम्ही वाचली असेल. "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणसंख्येची अट राहणार नाही." म्हणजे न आलेल्यांसाठी अर्धा तास चहा प्यायचा आणि मग ते नाहीतच असं समजून पुढे जायचं. डेबियनने असं दार ठेवलं नाही. त्यांचं सूत्र असं: एकूण सदस्यसंख्येचं वर्गमूळ काढा, त्याचं निम्मं करा, त्याची तिप्पट करा. तितक्या मतदारांनी एखाद्या पर्यायाला 'निर्णय नको, चर्चा चालू ठेवा' या त्या काळच्या ठरलेल्या पर्यायापेक्षा वरचं स्थान द्यायला हवं असे. नाहीतर तो पर्याय बाद.

हिशेब करून बघू. सदस्य ४०० असतील तर वर्गमूळ २०, निम्मं १०, तिप्पट ३०. सदस्य १,६०० झाले तर वर्गमूळ ४०, निम्मं २०, तिप्पट ६०. म्हणजे सदस्य चौपट, कोरम दुप्पट. टक्क्यांत ७.५ वरून ३.७५. टक्केवारीचा कोरम ठेवला असता तर गट मोठा होईल तसा तो गाठणं अवघड झालं असतं, कारण मोठ्या गटात न येणारेही जास्त. वर्गमूळाने दोन्ही बाजू सांभाळल्या. पाच-दहा जणांनी रातोरात निर्णय लादता येणार नाही, आणि शेकडो लोक आले नाहीत म्हणून प्रकल्पही अडणार नाही.

इथपर्यंत आले तेव्हा मला वाटलं, प्रकरण संपलं. वेळ द्या, कोरम ठेवा, झालं. मॅडमनी मसुदा वाचून समासात एकच ओळ लिहिली: "नियम पाळूनही गैरहजर माणूस फसला, असं कधी झालं का?"

२००४: मुदत होती, पण शीर्षक?

झालं होतं. आणि तेही डेबियनमध्येच.

डेबियनचा एक सामाजिक करार आहे, जुलै १९९७ चा. त्यात वचन होतं की डेबियनमधलं सॉफ्टवेअर शंभर टक्के मुक्त राहील. २००४ च्या वसंतात या कराराच्या शब्दांत बदल करणारा ठराव आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, 'सामाजिक करारातल्या संपादकीय दुरुस्त्या'. चर्चेची मुदत पाळली, मतदानाची मुदत पाळली, पायाभूत दस्तऐवज बदलायला लागणारं तीनास एक असं बहुमतही मिळालं. एप्रिल २००४ मध्ये ठराव मंजूर.

शब्दांचा बदल दिसायला बारीक होता. 'सॉफ्टवेअर मुक्त राहील' याऐवजी आता प्रणाली आणि तिचे सगळे घटक मुक्त राहतील असा अर्थ झाला. लगेच प्रश्न आला, मग सोबतच्या माहितीपुस्तिकांचं काय? हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या फर्मवेअरचं काय? त्यातले बरेच या व्याख्येत बसत नव्हते. पुढची आवृत्ती 'सार्ज' तोंडावर आली होती. तिची जबाबदारी असलेल्या अँथनी टाउन्स यांनी सांगितलं की नव्या शब्दांप्रमाणे वागायचं तर हे सगळं काढावं लागेल, म्हणजे आवृत्ती लांबणार.

मग गदारोळ. शीर्षक दिशाभूल करणारं होतं असा आक्षेप आला, संपादकीय दुरुस्ती म्हणजे शुद्धलेखन-बिद्धलेखन असेल असं लोकांना वाटणार हे उघड होतं. ज्यांनी ठराव मांडला त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा होता: पूर्ण मजकूर सगळ्यांसमोर होता, आणि त्यांच्या मते करार मुळापासून तेच म्हणत होता, शब्द फक्त स्वच्छ केले. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात, आणि कोण मनातून काय म्हणत होतं ते मी ठरवायला जात नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं. रोज चर्चा वाचणाऱ्याला शीर्षक नसतं तरी चाललं असतं. ज्याला आठवड्यातून अर्धा तास मिळतो, तो शीर्षक वाचून ठरवतो की हे उघडायचं की नाही. कमी वेळ असलेल्या माणसाचा सगळा सहभाग त्या एका ओळीवर उभा असतो. दोन आठवडे दिले काय आणि दोन महिने दिले काय, ओळच चुकली तर तो आत येतच नाही.

पुढे त्याच वर्षी दुसरं मतदान घ्यावं लागलं. त्यात जुने शब्द परत आणण्यापासून ते नवे शब्द तसेच ठेवण्यापर्यंत अनेक पर्याय होते. त्यातून नव्या शब्दांचा अंमल पुढे गेला आणि सार्जची वाट मोकळी झाली. सार्ज बाहेर पडली ६ जून २००५ ला.

दुसरं मतदान घेता आलं, ही गोष्टही नोंदवायला हवी. नियमांत परत येण्याची वाट होती, म्हणून उशिरा जागं झालेल्यांना नुसतं हळहळत बसावं लागलं नाही.

२०२१–२२: घड्याळ कोणाच्या हातात?

शेवटचा प्रसंग अलीकडचा. मार्च २०२१ मध्ये रिचर्ड स्टॉलमन फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परत आले. त्यावर डेबियनने जाहीर भूमिका घ्यावी का, यासाठी ठराव आला. विषय तापलेला होता. २४ मार्चला प्रस्ताव आला आणि ४ एप्रिलला मतदान सुरू झालं. चर्चेची मुदत नेहमीच्या दोन आठवड्यांहून कमी. एकामागून एक पर्याय येत होते. मतपत्रिकेवर शेवटी बरेच पर्याय आले, आणि जिंकला तो 'या विषयावर जाहीर निवेदन करायचं नाही' हा.

मी एक साधी गोष्ट केली: तारखा कॅलेंडरवर मांडल्या. २९ मार्चला आपलं धुलिवंदन, ४ एप्रिलला ईस्टर, मतदान चालू असताना १३ एप्रिलला गुढीपाडवा. आणि महामारीचे दिवस. म्हणजे ज्यांच्याकडे त्या दहा-अकरा दिवसांत शेकडो ईमेल वाचायला वेळ नव्हता, असे लोक जगभर असणार. किती, ते मोजता येत नाही. पण मुदतीकडे नुसता आकडा म्हणून बघू नका, ती कोणत्या दिवसांवर पडली ते बघा.

त्यानंतर रस ऑलबेरी यांनी ठराव प्रक्रियाच बदलण्याचा प्रस्ताव मांडला. तो जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाला. आधी किमान मुदत संपली की ठराव मांडणाऱ्यांपैकी कुणीतरी मतदान पुकारत असे. म्हणजे घड्याळ रोज हजर असणाऱ्यांच्या हातात. नव्या नियमात चर्चा दोन ते तीन आठवडे ठरली. उशिरा नवा पर्याय आला तर लोकांना तो वाचायला आठवडाभर मिळावा म्हणून मुदत कमाल मर्यादेपर्यंत वाढते. मुदत संपली की प्रकल्पाचे सचिव मतदान पुकारतात, ठराव मांडणाऱ्यांनी ते पुकारायची गरज नाही. ज्याला रोज बघता येत नाही त्याला आता निदान तारीख तरी आधी कळते.

२०२२ च्या मार्चमध्ये आणखी एक बदल झाला. आधी प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीतलं मत गुप्त असे, पण ठरावावरचं मत नावासकट जाहीर होई. आता ठरावावरचं मतही गुप्त झालं. याचा वेळेशी काय संबंध? माझं म्हणणं असं: नावासकट मत जाहीर झालं की त्याचा खुलासा मागणारे येतात आणि खुलासा करायला वेळ लागतो. ज्याच्याकडे वादाला वेळ नाही, तो मग मतच देत नाही. पुराव्याने हे सिद्ध झालं आहे असा माझा दावा नाही, प्रबंधात मी ते शक्यता म्हणूनच मांडलं आहे.

मग हाती काय लागलं?

१९७० च्या सुमारास जो फ्रीमन यांनी अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबद्दल एक मुद्दा मांडला होता (निबंध छापला गेला १९७२ मध्ये). नियम नसलेल्या गटात सत्ता नसते असं नाही, ती ओळखीपाळखीच्या आतल्या वर्तुळाकडे जाते आणि दिसेनाशी होते. ऑनलाइन गटांत हे वर्तुळ बहुतेकदा मोकळा वेळ असणाऱ्यांचं असतं. आणि मोकळा वेळ कुणाकडे असतो, हे आपल्या घरात संध्याकाळी सात वाजता कोण फोनवर असतं आणि कोण ओट्याशी, एवढं पाहिलं तरी कळतं.

तीन गटांच्या कागदपत्रांतून मला दिसलं ते असं. मुदत ही सुरुवात झाली, तेवढ्याने भागत नाही. गैरहजर माणसाला तीन गोष्टी लागतात: यायला वेळ, थोड्या वेळात खरं काय चाललंय ते कळण्याची सोय, आणि उशीर झाला तर परत विषय काढण्याची वाट. आयईटीएफ आणि अपाचीने पहिली आणि तिसरी बरीचशी दिली. डेबियनला दुसरीची किंमत २००४ मध्ये कळली.

आणि तुमच्यासाठी, कामाच्या चार गोष्टी. ईमेल मोजू नका, माणसं मोजा. एकाच माणसाच्या पन्नास ईमेल म्हणजे पन्नास मतं नव्हेत. नियम वाचला की तो पहिल्यांदा मोडला किंवा कमी पडला कधी, ते शोधा. नियम का झाला ते बहुतेकदा तिथेच कळतं. तारखा कॅलेंडरवर मांडा. आणि गप्प राहिलेल्यांच्या तोंडी शब्द घालू नका. दफ्तर डिजिटल असो की रुमालात बांधलेलं, त्यात बोलणाऱ्यांचाच आवाज असतो. न बोलणाऱ्याबद्दल आपण फार तर एवढं सांगू शकतो की त्याला बोलायची संधी कितपत होती. तेवढं नीट सांगितलं तरी ते संशोधन आहे.

राहता राहिला आमचा गट. मी रागाचा मेसेज लिहून ठेवला होता, तो पाठवला नाही. त्याऐवजी एक छोटा प्रस्ताव टाकला: मोठा निर्णय असेल तर चार ओळींत सारांश, जुन्या कामावर काय परिणाम होईल ते पहिल्या ओळीत, आणि रविवार धरून किमान तीन दिवसांची मुदत. त्यावर लगेच सहा-सात जणांनी "मान्य" लिहिलं. मी म्हटलं, थांबा, यालाही तीन दिवस. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला एका ताईंचा मेसेज आला. वर्षभर त्या गटात होत्या, पण एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं, "रविवार माझा स्वयंपाकघरातच जातो, मला सोमवारी दुपारी वेळ असतो. मुदत सोमवार संध्याकाळपर्यंत ठेवाल का?"

ठेवली. माझ्या फाइलींची नावं मात्र नव्या पद्धतीनेच बदलावी लागली. चारशे झाल्या, दोनशे बाकी आहेत.